अक्कलदाढ

मुंबईच्या नातेवाइकांना माझा लखनौचा पत्ता सांगितला, की त्यांना हटकून हसू येते. 'महानगर, लखनौ' हे शब्द ऐकून ती मंडळी म्हणतात, "महानगरात तर आम्ही राहतो! तुझे हे कसले महानगर?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. गोमतीच्या उत्तरेला वसलेली ही एक साधी वसाहत. गोल मार्केटची संध्याकाळची वर्दळ आणि निशातगंजच्या पुलाकडे धावणारी वाहने सोडली, तर येथे महानगरासारखे फारसे काही नाही. नाव मोठे आणि ऐवज साधा, अशा वस्तू जगात पुष्कळ असतात. त्यांतली दुसरी एक वस्तू माझ्याच तोंडात दडून बसली आहे, हे मला येथे येईपर्यंत ठाऊक नव्हते. ती वस्तू म्हणजे अक्कलदाढ.

या दाढेला एवढे भारदस्त नाव कोणी दिले असेल? हिंदीत तिला 'अक्ल दाढ़' म्हणतात, आणि आपल्या व त्यांच्या शब्दांतली अक्कल अरबी भाषेतून आली आहे. अरबीतही ती अकलेचीच दाढ. लॅटिनमध्येही शहाणपणाचाच दात. सतरा ते पंचवीस या वयात, म्हणजे माणूस शहाणा व्हावा अशी अपेक्षा असते त्या काळात ती उगवते, एवढाच तिचा शहाणपणाशी संबंध. एरवी तिच्याइतकी अडाणी दाढ दुसरी नसेल. बाकीच्या दातांनी आपापल्या जागा धरल्यावर, 'पहले आप, पहले आप' करीत लखनवी रीतीने ही सर्वांच्या मागून येते. तोपर्यंत जबड्यात जागा उरलेली नसते. मग ती कधी आडवी पडते, कधी तिरकी होते, तर कधी निम्मी वर आणि निम्मी हिरडीच्या पदराखाली अशी अर्धवट उभी राहते. माझी खालची डावी दाढ या शेवटच्या जातीची होती. वयाच्या तिसाव्या वर्षापासून ती अधूनमधून ठणकायची आणि आपोआप निवायची. सरकारी कचेरीत प्रलंबित प्रकरणे असतात, तसेच तिचेही एक प्रकरण मी बाजूला ठेवून दिले होते.

ते प्रकरण उघडले २०२४च्या जानेवारीत. लखनौचे ते धुक्याचे दिवस होते. अलीगंजच्या केंद्रीय भवनातील आमच्या कचेरीत माणसे मफलर न सोडताच कामाला बसत. मला अठरावा आठवडा चालू होता, आणि नेमक्या त्याच वेळी दाढेने डोके वर काढले. पहिल्या दिवशी नुसता ठणका. दुसऱ्या दिवशी घास चावता येईना. तिसऱ्या रात्री उशीवर गाल टेकवता येईना.

एरवी अशा वेळी कोणीही एखादी गोळी घेऊन मोकळा होतो. मला ते शक्य नव्हते. दोन वर्षांपूर्वी माझी एक आशा तिसऱ्या महिन्यातच मावळली होती. डॉक्टरांनी तेव्हा स्पष्ट सांगितले होते, की तुमच्या हातून काही चुकले नाही. अशा घटना पुष्कळदा घडतात आणि त्यांना कोणी जबाबदार नसते. बुद्धीला ते पटले होते. पण मनाचा हिशेब निराळा असतो. त्या वेळी प्रवास केला होता, एकदा तापाची गोळी घेतली होती, असे काही ना काही मी मनाशी जमेला धरीत होते. म्हणून या खेपेस ठरवून टाकले, की काय वाटेल ते होवो, पोटात काही घ्यायचे नाही. सोसायचे. सोसण्यात बाळाला धोका नाही, अशी माझी पक्की समजूत होती. ही समजूत किती चुकीची होती, तेच सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, लवंग धर दाढेत. आणि मिठाच्या पाण्याच्या चुळा भर. तुझ्या आजीच्या वेळी तर म्हणायचे, प्रत्येक बाळंतपणाला एक दात जायचाच. पोटातले लेकरू आईच्या दातांतला चुना ओढून घेते." शेजारच्या चाचीजींनी लवंगेच्या तेलाची बाटलीच आणून दिली. परमुलखात आपले कोणी नसते असे आपण म्हणतो. पण दाढ दुखू लागली की सारा मोहल्ला आपला होतो, आणि प्रत्येकाकडे एक औषध असते. आमच्याकडे कामाला येणारी बाई तर कनवाळूपणाने म्हणाली, "दीदी, ज़रा-सा गुल लगा लीजिए, सुन्न हो जाएगा."

गुल म्हणजे इकडचे तंबाखूचे मंजन. ते ऐकताच मला सातारा जिल्ह्यातील माझ्या आजीची मिश्रीची डबी आठवली. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड आमच्याकडच्या कित्येक बायकांनी दाढदुखीवरचा उतारा म्हणून प्रथम बोटावर घेतली आणि पुढे ती जन्मभर सुटली नाही. दिवस गेलेल्या बाईनेही ती लावावी, याचे कोणाला नवल वाटत नसे. मुंबईत १२१७ गर्भवती स्त्रियांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. मिश्री किंवा तशाच बिनधुराच्या तंबाखूचा वापर करणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि दिवस पूर्ण होण्याआधी जन्मण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक आढळले. दंतमंजनात तंबाखू घालण्यास भारत सरकारने १९९२ सालीच बंदी केली आहे. पण डबी आणि पुडी यांना कायदा वाचता येत नाही. मी त्या बाईला हात जोडले आणि गुलाला दूर ठेवले.

लवंगेच्या तेलाने मात्र मला फसवले. कापसाचा बोळा भिजवून रात्रभर दाढेत धरला. बधिरपणा आला खरा. पण सकाळी हिरडी पांढुरकी पडून सोललेली. लवंगेतील अर्क जागा बधिर करतो, तसाच तो सडा लावला तर कातडी भाजतोही, हे मला पुढे कळले. 'घरगुती' या शब्दाचा अर्थ 'निरुपद्रवी' असा आपण उगाच लावतो. सगळ्या उपायांत खरा ठरला तो सर्वांत स्वस्त उपाय: पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः जेवणानंतर. त्याने दुखणे बरे होत नाही. पण अडकलेले कण निघून जातात आणि सूज थोडी ओसरते.

सहाव्या दिवशी कचेरीतून परतताना धीर सुटला. वाटेवरच्या औषधांच्या दुकानात मी ई-रिक्षा थांबवली. शालीमुळे माझी अवस्था काही दिसत नव्हती. दुकानातला मुलगा मोठा अदबीचा. "मैडम, दाँत का दर्द है? यह लीजिए, दस मिनट में आराम," असे म्हणून त्याने चार गोळ्या कापून हातात ठेवल्या. मी त्याला काही सांगितले नाही आणि त्यानेही काही विचारले नाही. घरी येऊन पाणी घेतले, गोळी बाहेर काढली, आणि कारकुनाची सवय आडवी आली. आमच्या पेशात कागद वाचल्यावाचून सही करायची नसते. मी त्या पट्टीच्या पाठीवरील बारीक अक्षरे दिव्याखाली धरली. पॅरासिटामॉलच्या शेजारी दुसरे नाव होते: डायक्लोफिनॅक.

त्या नावाचा अर्थ तेव्हा मला धड ठाऊक नव्हता. आता ठाऊक आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड, केटोरोलॅक ही सारी एकाच घराण्यातील औषधे. दाढदुखीवर ती सर्रास दिली जातात आणि एरवी कामही चोख करतात. पण गर्भारपणात हे घराणे टाळावयाचे असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२०च्या ऑक्टोबरात याविषयी इशारा दिला होता. विसाव्या आठवड्यानंतर ही औषधे घेतल्यास बाळाच्या मूत्रपिंडांच्या कामात बिघाड होऊन गर्भजल कमी होऊ शकते. आणि तिसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या हृदयापाशी असलेली, जन्मानंतर मिटावयाची एक रक्तवाहिनी आधीच मिटू लागण्याचा धोका असतो. वेदनेसाठी घ्यावयाची ॲस्पिरिनही यातच आली. रक्तदाबाच्या काही कारणासाठी प्रसूतितज्ज्ञच ती अल्प मात्रेत देतात, ती गोष्ट वेगळी. गंमत अशी, की पॅरासिटामॉल हे त्यातल्या त्यात सुरक्षित औषध एकाच गोळीत या दुसऱ्या औषधाशी जोडून विकले जाते, आणि घेणाऱ्याला फक्त पहिलेच नाव ओळखीचे वाटते. मी गोळ्या परत पाकिटात घातल्या आणि ती रात्रही मिठाच्या पाण्यावर काढली.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवू लागले, आणि तेथे मला माझेच खाते भेटले. एका दंतवैद्याने दुरूनच पाहून सांगितले, "बाळंतपण झाल्यावर या. अशा दिवसांत आम्ही हात लावीत नाही." दुसऱ्याने प्रसूतितज्ज्ञांची लेखी परवानगी मागितली. जेथे माझे नाव नोंदवले होते तेथे गेले, तर उत्तर मिळाले, "दातांचे आम्हाला काय विचारता? ते दंतवैद्य ठरवतील." एक मिसल दोन खात्यांमध्ये कशी फिरत राहते, हे मी बारा वर्षे टेबलाच्या अलीकडून पाहत आले होते. आपणच ती मिसल झालो म्हणजे कसे वाटते, ते त्या आठवड्यात कळले. चार महिन्यांत माझे वजन झाले होते, रक्त तपासले होते, पोट मोजले होते. 'तोंड उघडा' असे मात्र कोणी म्हटले नव्हते.

अकराव्या दिवशी ताप भरला. जबड्याखाली सूज उतरली आणि तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. आता यजमान घाबरले. मी सोसते आहे याचे त्यांना कौतुक होते. ते कौतुक त्या रात्री मावळले. ओळखीतून कळलेल्या एका वयस्क डॉक्टरीणबाईंकडे आम्ही सकाळी पोचलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आठवड्याचा. दुसरा तापाचा. आणि तिसरा, "गिळता येते ना? श्वास घेताना त्रास नाही ना?" गिळणे किंवा श्वास अवघड झाला असता, तर त्यांनी मला खुर्चीवर न बसवता थेट मोठ्या रुग्णालयात धाडले असते, कारण दाढेचा पू गळ्याच्या बाजूने पसरू लागला, तर ते आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. "ग्यारह दिन आपने किसके लिए बर्दाश्त किया?" त्यांनी विचारले. मी पोटाकडे पाहिले. त्या शांतपणे म्हणाल्या, "बुखार उसको भी लगता है।"

त्या एका वाक्याने माझ्या अकरा दिवसांच्या तपश्चर्येचा निकाल लागला. वेदना माझ्या एकटीची आहे असे मी समजत होते. पण दाढेखाली साठलेला पू, त्यामुळे चढलेला ताप, न झालेली झोप, न गेलेले अन्न, यांतले काहीही माझ्या एकटीचे नव्हते. औषध टाळले म्हणजे धोका टळला, असा माझा हिशेब होता. त्या हिशेबात दुखण्याचा धोका मी मांडलाच नव्हता.

त्यांनी स्वतः माझ्या प्रसूतितज्ज्ञांना फोन लावला. दोन खात्यांमधले ते प्रकरण पाच मिनिटांत निकालात निघाले. मग मला खुर्चीवर घेतले. पुरती उताणी निजवली नाही. उजव्या कमरेखाली एक उशी सरकवून डावीकडे किंचित कलते ठेवले. दिवस भरत जातात तसा गर्भाशयाचा भार पाठीकडील मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो आणि उताणे पडल्यास भोवळ येऊ शकते, म्हणून ही काळजी. क्ष-किरणाचे नाव काढताच मी दचकले. त्या म्हणाल्या, की दाताच्या एका चित्राला लागणारा किरण अत्यल्प असतो आणि त्याचा रोख पोटाकडे नसतो. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ सालीच स्पष्ट केले आहे, की दातांचे क्ष-किरण चित्र, जागा बधिर करण्याचे इंजेक्शन आणि जरूर पडल्यास दात काढणे, यांतले काहीही गर्भारपणात वर्ज्य नाही. सवडीची कामे मधल्या तीन महिन्यांत करणे आईला अधिक सोयीचे. पण पू आणि ताप असेल तर थांबावयाचे नसते.

दाढ निम्मी झाकणारा हिरडीचा पदर त्यांनी उचलला, त्याखालचा भाग पिचकारीने धुतला. तेथे अन्नाचे कण कुजत होते. गर्भारपणात शरीरातील स्राव बदलतात, हिरड्या हळव्या होतात, जरा मळ साठला तरी सुजतात. माझ्या दाढेने डोके वर काढायला हाच मुहूर्त का निवडला, त्याचे उत्तर हे. आजीच्या चुन्याच्या गोष्टीचाही उलगडा झाला. बाळाला लागणारे कॅल्शियम आईच्या आहारातून जाते, कमी पडले तर तिच्या हाडांतून. दातांतून ते निघत नाही. आजीचे दात बाळंतपणांनी गेले नव्हते. बाळंतपणांत तिच्या तोंडाकडे कोणी पाहिले नव्हते, म्हणून गेले.

दुखण्यावर त्यांनी नुसते पॅरासिटामॉल दिले, आणि तेही किती, किती तासांनी व किती दिवस, हे लिहून. पू आणि ताप यांवर अमॉक्सिसिलिन दिले; पेनिसिलीनची पूर्वी कधी बाधा झाली होती का, हे आधी विचारून. मी भीतभीत विचारले, की अशी सगळीच औषधे चालतात का. त्यांनी मान हलवली. "टेट्रासाइक्लिनच्या जातीची नाही चालत. ती बाळाच्या दातांत जाऊन बसतात."

"बाळाच्या दातांत?" मला वाटले, माझी काही ऐकण्यात चूक झाली.

मग त्यांनी जे सांगितले, ते मी जन्मात विसरणार नाही. दुधाच्या दातांचे अंकुर गर्भात पहिल्या दोन महिन्यांतच धरतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते कठीण होऊ लागतात. प्रथम पुढचे, मग मागचे. विसाव्या आठवड्याच्या आसपास वीसच्या वीस दुधाच्या दातांचे बांधकाम चालू झालेले असते. टेट्रासाइक्लिन कॅल्शियमला चिकटते आणि त्या कोवळ्या दातांत पिवळा-तपकिरी डाग होऊन राहते. मी खुर्चीवर कलती पडले होते. माझ्या जबड्यात माझा शेवटचा दात वर येण्यासाठी धडपडत होता, आणि त्याच वेळी माझ्या पोटात अंधारात कोणाचे तरी वीस दात एकेक कण जमवून तयार होत होते. तोपर्यंत मी त्या जिवाला केवळ एक भीती म्हणून ओळखत होते. मागच्या वेळेसारखे होईल ही भीती. त्या क्षणी प्रथमच त्याला एक तोंड आले, एक हसू आले.

ताप दोन दिवसांत उतरला. बाविसाव्या आठवड्यात त्यांनी माझी वरची अक्कलदाढ काढली; कारण खालच्या दाढेवरील सुजलेला पदर तीच चावीत होती. वरची दाढ सरळ होती, काढायला सोपी. लिग्नोकेनच्या एका इंजेक्शनवर दहा मिनिटांत काम झाले. खालची तिरकी दाढ काढणे हे मोठे काम, ते बाळंतपणानंतरवर ठेवले. त्या दिवसापुरती मी नैमित्तिक रजा टाकली आणि कारणाच्या रकान्यात 'दाढदुखी' असे लिहिले. अर्ज मंजूर करताना साहेब हसले. प्रसूतीसाठी सरकार एकशे ऐंशी दिवसांची रजा देते. दाढेसाठी एक दिवस मागायला मला मात्र अकरा दिवस लागले होते.

जूनमध्ये मुलगी झाली. डिसेंबरात तिच्या खालच्या हिरडीवर तांदळाच्या कणीएवढे दोन दात दिसले. आई तेव्हा लखनौला आली होती. वाटीवर चमचा वाजवावा तसा तिने त्या दातांवर वाटीचा काठ वाजवून पाहिला आणि आवाज ऐकून खूश झाली. मी मात्र दिवा जवळ आणून त्यांचा रंग पाहत होते. शुभ्र होते.

पुढे २०२५च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या सरकारने गर्भारपणातील पॅरासिटामॉलचा आणि मुलांच्या स्वमग्नतेचा संबंध असल्याचे जाहीर केले, तेव्हा ती बातमी वाचून माझे काळीज पुन्हा हलले. पण जुनी सवय कामी आली. बारीक अक्षरे वाचली. असा संबंध निश्चित सिद्ध झालेला नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने लगेच सांगितले. स्वीडनमधील सुमारे पंचवीस लाख मुलांच्या नोंदींचा २०२४ सालचा अभ्यासही होता. त्यात सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर असा संबंध उरला नव्हता. जरूर तेवढेच, थोडे दिवस आणि डॉक्टरांना विचारून, हा जुना नियम जागच्या जागी होता.

आपणांपैकी पुष्कळ जण बदलीच्या गावी असेच राहतो. घरी म्हातारे माणूस नाही, ओळखीचा डॉक्टर नाही, आणि दुसऱ्याला त्रास कशाला द्यावा म्हणून गप्प बसण्याची आपल्याला मराठी सवय. घरात कोणाला दिवस गेले असतील, तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दंतवैद्याकडे एक फेरी करावी. ती रोगासाठी नसली तरी चालेल. औषधांच्या दुकानात पहिले वाक्य आपले असावे: 'मला इतकावा आठवडा आहे.' आणि ताप, गालावरची सूज, तोंड न उघडणे यांतले एक जरी दिसले, तरी सकाळची वाट पाहू नये. मी त्या मुलाला ते एक वाक्य सांगितले असते, तर त्याच्याही हातून ती पट्टी कापली गेली नसती.

खालची दाढ गेल्या वर्षी काढली. आता तोंडात एकच अक्कलदाढ उरली आहे. ती अजून हिरडीच्या आत आहे आणि तिचे काही मागणे नाही. मुलगी रोज रात्री आरशासमोर उभी राहून माझ्यासारखीच दात घासते, म्हणजे पुढचे दोन घासते आणि बाकीचे मला दाखवते. मी तिला म्हणते, "आ कर." ती मोठा आ करते, आणि मग माझी हनुवटी धरून मलाही तेच सांगते.